'पिन साइट'ला मराठीत काय म्हणायचं? ('नेम' चालत नाहीये)

कराडकर
मदत हवीये. माझी लेक दीड वर्षापासून कंपाउंड धनुष्य (टोकांना चाकं असतात ते) मारते. २०२३ ला बर्लिनमध्ये अदिती स्वामी आणि ओजस देवतळे वर्ल्ड चँपियन झाले, दोघंही साताऱ्यात शिकलेले, तेव्हापासून आमच्या भागातली बरीच पोरं यात उतरलीयेत. साइट, म्हणजे धनुष्यावर नेम धरायला बसवतात तो भाग (त्यातला बारीक दांडा ती पिन), कशी लावायची याचे सगळे कागद इंग्रजीत, म्हणून मी पालकांसाठी मराठीत एक पान लिहिलं. त्यात वाक्य होतं, "बाण डावीकडे जात असतील तर नेम डावीकडे घ्या." मला म्हणायचं होतं की साइटची पिन डावीकडे सरकवा. एका मुलाने ते वाचून साइटला हात न लावता निशाणाच्या डाव्या बाजूला बघून मारलं, बाण आणखी डावीकडे, दोन तर निशाणाचा कागद लावतात त्या पॅडच्या बाहेर. पोराची काही चूक नाही, वाक्यच तसं होतं. आता त्या पिनला काय म्हणू? टाचणी म्हणवत नाही.

विदुला
अडचण 'नेम' मध्येच आहे. आपण नेम धरतो ती क्रिया, 'त्याचा नेम चांगला' म्हणजे कौशल्य, आणि तुम्ही तोच शब्द यंत्राच्या भागालाही लावलात. शिवाय 'पावसाचा नेम नाही' आणि आजीचा सोमवारचा नेम आहेतच. एका शब्दावर किती ओझं टाकणार? 'वेधकाटा' म्हणा. वेध घेणे आपलंच आहे, वेधशाळा आहे, आणि काटा घड्याळाचा असतो, तराजूचा असतो, सगळ्यांना कळतो.

मिशिगनवासी
वेधकाटा छान आहे पण आधी वस्तू कोणती ते बघा. इकडे हरणाच्या शिकारीवाले जी पिन साइट लावतात तिच्यात एका गोल कड्यात तीन, पाच, सात पिना असतात एकाखाली एक, वरची २० यार्डांची मग ३०, ४० असं. खालची पिन लांबच्या अंतराची, कारण ती निशाणावर आणायची तर धनुष्य वर उचलावं लागतं आणि बाणाला तेवढी चढण मिळते. भारतात शिकार बंद आणि कंपाउंडची स्पर्धा ५० मीटरवर एकाच अंतराची, त्यामुळे तुमच्या मुलीकडे बहुतेक भिंग असलेला स्कोप आणि त्यात एकच ठिपका किंवा एकच पिन असणार. मग काटा कसला, तो तर ठिपका झाला.

कराडकर
हिच्याकडे एकच पिन आहे, स्कोप पुढच्या वर्षी घेऊ असं सर म्हणाले. पिन किती जाडीची घ्यावी यावरही दोन मतं ऐकलीयेत.

मिशिगनवासी
बारीक घ्या. १९ नंबरची म्हणजे इंचाचा हजारावा भाग गुणिले १९, साधारण अर्धा मिलिमीटर. पिन डोळ्यापासून नव्वद सेंटीमीटरवर धरली तर ५० मीटरवर ती पावणेतीन सेंटीमीटर झाकते. २९ ची घेतलीत तर चार सेंटीमीटर, म्हणजे ८० सेंटीमीटरच्या निशाणाच्या कागदावरचा एक्स, अगदी मधलं वर्तुळच गायब, दिसतच नाही काय मारतोय ते. बारीक पिन संध्याकाळी अंधुक होते एवढाच तोटा, त्यात पिनेचं टोक उजळवणारा फायबर भरपूर लांब गुंडाळलेला असला की निभावतं.

रत्नागिरीचा
अहो हा शब्द मराठीत आहे! माशी! आमच्या आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, नळीच्या टोकाला जो बारीक दाणा असतो तो म्हणजे माशी. "माशी जनावराच्या खांद्यावर बसली की मग चाप" हे मी लहानपणी शंभरदा ऐकलंय. तेच काम, तोच आकार. नवे शब्द पाडायची गरजच नाही.

विदुला
माशी सुंदर आहे, माहीत नव्हता, मी वेधकाटा मागे घ्यायला तयार आहे.

नाशिक_रोड
मला नाही पटत. मैदानावर पोरं पिन म्हणतात, सर पिन म्हणतात, दुकानदार पिन म्हणतो. तुम्ही कागदावर माशी लिहिलंत की प्रत्येक आई विचारणार माशी म्हणजे कोणती. शब्द कामाला पाहिजे का कौतुकाला? रेल्वेला रेल्वेच राहिली ना.

विदुला
आणि मेयरचा महापौर झाला, तारखेचा दिनांक झाला, तेही कुणीतरी आग्रह धरला म्हणूनच. वापरायलाच सुरुवात केली नाही तर रुळणार कसा?

वऱ्हाडी
सगळे मूळ शब्द सोडून बोलून राहिले. नेमाला मराठीत जुना शब्द आहे 'शिस्त'. शिस्त धरून गोळी मारली असं म्हणत. मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोश उघडा, शिस्त म्हणजे नेम हा अर्थ दिलेला आहे. फारसीतून आलाय, तिकडे शस्त म्हणजे अंगठा आणि तिरंदाज अंगठ्यात जी कडी घालून दोरी ओढायचे तीही शस्त. त्या अंगठ्यावरून नेम, आणि नेमावरून आजची शाळेतली शिस्त. म्हणजे हा शब्द धनुष्याचाच आहे हो, आणि आपण तो पीटीच्या मास्तरांना देऊन बसलो.

विदुला
शाळेतली शिस्त संस्कृत 'शास्'वरून आहे, शासन, शिष्य, शिष्ट. तिचा अंगठ्याशी काय संबंध?

वऱ्हाडी
मग 'शिस्तीत लागला' हे नेमाबद्दल कसं म्हणतात? आणि 'बेशिस्त'मधला 'बे' कुठला, संस्कृत का?

विदुला
'बे' कशालाही लागतो, बेजबाबदार म्हणतोच की आपण, जबाबदारसुद्धा फारसी आहे हे मान्य, पण बेभान बघा. भान संस्कृतच आहे. एवढ्यावरून व्युत्पत्ती सिद्ध होत नाही.

मिशिगनवासी
गंमत बघा, कंपाउंडवाले आज दोरी बोटांनी ओढतच नाहीत, हातात रिलीज (दोरी धरून सोडायचं छोटं यंत्र) असतो आणि पुष्कळांचा अंगठ्याने दाबायचा. म्हणजे वऱ्हाडींची शिस्त फिरून अंगठ्यावर आली.

वऱ्हाडी
हे मला माहीत नव्हतं. लई भारी वाटलं वाचून.

कराडकर
शिस्त मनापासून आवडला, पण "शिस्त डावीकडे सरकवा" लिहिलं तर तोच घोळ, तीही क्रियाच. मला वस्तू पाहिजे. शिवाय दोरीत बसवतात त्या पीपचं, म्हणजे ज्यातून बघायचं त्या छोट्या कडीचं काय? त्याचं भोक आणि पुढचं साइटचं गोल कडं एकात एक बरोबर बसलं पाहिजे, नाहीतर डोकं थोडं हललं तरी बाण भरकटतो.

रत्नागिरीचा
पीपला 'जंगी' म्हणा! किल्ल्याच्या तटाला बाण आणि बंदुका मारायला भोकं असतात त्या जंग्या. आत उभं राहून एका छोट्या भोकातून बघायचं, अगदी तेच.

नाशिक_रोड
जंगी सभा, जंगी स्वागत. पोरं हसतील. आणि जंगीतून बाण जातो, पीपमधून फक्त नजर जाते. 'दोरीतलं भोक' लिहा, झालं.

साताऱ्याची_ताई
मी मैदानावर पोरांना साइट लावून देते म्हणून सांगते. कराडकर दादा, शब्द कुठलाही घ्या पण क्रम आधी लिहा. आधी अँकर पक्का, म्हणजे रिलीजचा हात जबड्यापाशी रोज एकाच जागी. मग पीप. मग साइटची लेव्हल, ती आम्ही सरळ 'पाणसळ' म्हणतो, आमच्याकडे एकाचे वडील गवंडी आहेत आणि त्यांनीच ओळंबा सोडून धनुष्य उभं सरळ केलं आणि त्यावरून पाणसळ जुळवून दिली, तेव्हा एकाही पोराने अर्थ विचारला नाही. मग दहा मीटरवरून सुरुवात, तीन तीन बाण, एका बाणावरून साइट हलवायची नाही. बाण वर तर पिन वर, बाण डावीकडे तर पिन डावीकडे. मी त्यांना म्हणते "पिन बाणाकडे जाते, डोळा पिवळ्यावर राहतो", पिवळा म्हणजे निशाणाचा मधला भाग. आजपर्यंत कुणी उलट केलेलं नाही.

कराडकर
ताई, हे वाक्य जसंच्या तसं घेतो. खरंतर मी दोन आठवडे नामावर अडलो होतो आणि गोंधळ क्रियापदात होता. पाणसळ आणि ओळंबाही घेतो.

विदुला
म्हणजे पिन ही पिनच राहिली.

कराडकर
या कागदात हो. पण खाली एका ओळीत लिहिलंय, बंदुकीवर हिलाच माशी म्हणतात.

रत्नागिरीचा
ती ओळ वर घ्या ना, शीर्षकाच्या खाली.

वऱ्हाडी
आणि शिस्त?

विदुला
शिस्तीसाठी वेगळा धागा काढा, मी येते. फारसी शस्तचा अंगठा हा अर्थ मराठी कागदपत्रांत कुठे दिसलाय का तेवढं घेऊन या.

रत्नागिरीचा
ताई, तुम्ही साताऱ्याच्याच ना, अजिंक्यताऱ्यावरच्या जंग्या आतून तिरक्या आहेत का सरळ? नाशिक_रोड यांच्या मुद्द्यावर मला अजून बोलायचंय.

साताऱ्याची_ताई
रविवारी पोरांना पळायला वर नेते, बघून सांगते.