देव न मानणाऱ्याने कुठे बोलायचं, कुठे गप्प बसायचं?

काठावरचा (धागाकर्ता)

गेल्या वर्षी वडील गेले. दहाव्याला घाटावर पिंड ठेवला आणि आम्ही कावळ्याची वाट बघत उभे राहिलो. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. कावळे समोरच्या पिंपळावर होते, पण खाली येईनात. आमच्या आधीच्या दोन कुटुंबांचे पिंड त्यांनी खाल्लेले मी डोळ्यांनी बघितले होते. धाकटे काका हात जोडून म्हणत होते, "दादा, काय राहिलंय तुझं, सांग." आत्याने माझ्याकडे वळून विचारलं, "तू शेवटी काही वेडंवाकडं बोलला होतास का त्यांना?" तेव्हा मी म्हणालो, "आत्या, कावळ्यांना भूक नाहीये. बाबांचा यात काही संबंध नाही." काका गर्रकन वळले. "आज तरी तोंड आवर!" तेव्हापासून ते माझ्याशी बोललेले नाहीत.

मी नास्तिक आहे. देव मानणारा माणूस ते सहज सांगतो, मी मात्र "कुणाच्या श्रद्धेच्या आड येत नाही हं" एवढं शेपूट जोडल्याशिवाय बोलू शकत नाही. आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली गेली, त्याला सव्वाशेहून अधिक वर्षं झाली. इतक्या वर्षांनी तरी धर्माची चिकित्सा म्हणजे अपमान, हे समीकरण सुटायला हवं होतं. माणसाचा मान राखायलाच हवा. त्याच्या मताला ते संरक्षण का? तुम्हाला काय वाटतं, सांगा.

तुळसवेल

तुमचं वाक्य खरं असेल, पण वेळ चुकली. माझ्या सासूबाईंच्या दहाव्याला असाच कावळा येईना. मग एकेकाने पुढे होऊन बोलायला सुरुवात केली. दीर म्हणाले, "आई, धाकटीचं शिक्षण मी पुरं करतो." नणंद म्हणाली, "तुझी भांडी मी कुणाला देणार नाही." शेवटी माझे यजमान, जे आईशी दोन वर्षं नीट बोलले नव्हते, ते रडत म्हणाले, "माझं चुकलं." हे सगळ्यांच्या देखत झालं. एरवी कोण कुणाला असं बोलायला लावतं? दिराने तो शब्द पाळला, कारण तो चारचौघांत दिलेला होता. तुमचे काकाही भावाशी शेवटचं बोलत होते. तुम्ही त्यात कावळ्याच्या भुकेचा हिशेब आणलात.

सरळ_बोल

तुळसवेल ताईंना अनुमोदन. आणि मुद्द्याचं बोलतो. हे सगळे नास्तिक फक्त हिंदूंच्या चालीरीतींवर तुटून पडतात, कारण हिंदू ऐकून घेतो. हिंमत असेल तर इतरांच्या धर्मावर बोला. भावना दुखावण्याविरुद्धचा कायदा आणखी कडक झाला पाहिजे.

काठावरचा

@सरळ_बोल, बोललेत लोक, आणि त्याची किंमतही मोजली आहे. हमीद दलवाईंनी १९६६ मध्ये तलाकपीडित सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत काढला, १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. कोइम्बतूरमध्ये २०१७ साली फारुक नावाच्या तरुणाचा खून झाला. तो मुस्लिम घरात जन्मलेला नास्तिक होता, आणि मारणारे त्याच्याच समाजातले होते. २०१२ साली मुंबईत एका चर्चमधल्या क्रूसावरच्या येशूच्या पायांतून पाणी ठिबकू लागलं. लोक ते तीर्थ म्हणून भरून नेत होते. बुद्धिवादी कार्यकर्ते सनल एडामारुकु यांनी जाऊन दाखवलं की जवळची मोरी तुंबली आहे आणि पाणी केशाकर्षणाने, म्हणजे बारीक छिद्रांतून आपोआप ओढलं जाऊन, भिंतीतून वर चढतंय. मोरी दाखवली म्हणून त्यांच्यावर धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या आणि त्यांना देश सोडून फिनलंडला जावं लागलं.

तुम्हाला जो कायदा कडक हवा आहे, तो हाच. जुन्या दंड संहितेतलं कलम २९५अ, हल्लीच्या न्यायसंहितेत कलम २९९. तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये तो वैध ठरवला, पण जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेल्या अपमानापुरताच. प्रत्यक्षात निकाल लागेपर्यंत माणूस पोलीस ठाणं आणि कोर्ट यांच्यातच झिजतो. तीच शिक्षा होऊन बसते.

चळवळीतला

मी गावोगाव चमत्कारांमागचं विज्ञान दाखवतो. जळता कापूर जिभेवर ठेवतो, नारळातून 'करणी' काढून दाखवतो. कार्यक्रमात मी 'देव नाही' असं कधीच म्हणत नाही. धागाकर्त्यांना हे शेपूट वाटेल. पण मागच्या रांगेत एक बाई बसलेली असते, जिच्या जावेला गावाने भुताळीण ठरवलंय. मी देवावर बोललो तर ती पदर सावरून उठून जाईल, आणि मी ज्या एका माणसासाठी तिथे गेलो तेच हातचं जाईल.

डॉ. दाभोलकर हेच सांगत. जादूटोणाविरोधी कायद्याच्या मसुद्यात देव आणि धर्म हे शब्दच नाहीत, हे ते प्रत्येक सभेत समजावत. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा मंजूर झाला. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र घालणं आज गुन्हा आहे. हे वादविवाद जिंकून झालेलं नाही, माणसं जोडून झालं आहे.

सरळ_बोल

@काठावरचा, फारुकचं मला माहीत नव्हतं. ते वाईटच झालं. पण रोज जे वाचायला मिळतं ते एकाच बाजूचं असतं, ही माझी तक्रार कायम आहे.

पाणवठा

वर सगळे कावळा, क्रूस आणि भावना यांवर बोलताय. आमच्या घरात धर्मचिकित्सा देव आहे की नाही इथून सुरू झालीच नाही, ती तळ्यापासून सुरू झाली. २० मार्च १९२७, महाड, चवदार तळं. माणसं पाणी प्यायली, तर धर्म बाटला म्हणून तळं शुद्ध करून घेतलं गेलं. त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. आणि २९५अ कलम कधी आलं? तेही १९२७ सालीच, लाहोरच्या एका पुस्तकाच्या वादातून. मला ही दोन पानं शेजारी ठेवून बघावीशी वाटतात. एकीकडे धर्माचा अपमान गुन्हा होत होता, दुसरीकडे एका ग्रंथाने माणसाचा रोज चाललेला अपमान कुठल्या कलमात बसत नव्हता. माझी आजी सांगायची, तिच्या आईला विहिरीवर ओंजळीत पाणी वरून ओतलं जायचं आणि ओतणारी बाई तोंड फिरवून ओतायची. त्या तोंड फिरवण्याने कुणाच्या भावना दुखावल्या याची नोंद नाही. 'वेळ बघून बोला' हा सल्ला ऐकला असता तर वेळ कधीच आली नसती.

तुळसवेल

पाणवठा, तुमच्या आजींची गोष्ट वाचून थांबले थोडा वेळ. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही आणि द्यायचंही नाही. मात्र एक विचारते. बाबासाहेबांनी धर्म नाकारला, पण सगळं सोडून मोकळे झाले नाहीत. १९५६ ला नागपुरात लाखो लोकांना बुद्धाकडे घेऊन गेले. माणसाला धर्म लागतो असंच त्यांना वाटत होतं ना? मग देवाधर्माशिवाय भागतं हे कशावरून?

पाणवठा

त्यांनी जो स्वीकारला त्यात ईश्वर नाही, आत्मा नाही. २२ प्रतिज्ञांमध्ये पिंडदान आणि श्राद्ध करणार नाही हीसुद्धा आहे. म्हणजे ज्या पिंडापासून हा धागा सुरू झाला, तो त्यांनी नाव घेऊन सोडायला लावला. तोही भर सभेत, लोकांकडून वदवून. आमच्या घरी माणूस गेला की वंदना होते आणि मग घरातले त्याच्याबद्दल बोलतात. चारचौघांत शब्द आमच्याकडेही दिला जातो, ताई. कावळा लागत नाही.

नोंदवही

थोडं अवांतर. धर्माच्या रकान्यात 'नाही' लिहिता येतं, मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तसं स्पष्ट केलंय. तरी २०११ च्या जनगणनेत धर्म न सांगितलेले जेमतेम ०.२४ टक्के होते, आणि ते सगळे नास्तिक असतील असंही नाही.

काठावरचा

पाणवठा, तुम्ही लिहिलंत ते मला लिहिता आलं नसतं. चळवळीतला, तुमची वाट मला पटते, फक्त ती एकच वाट आहे हे पटत नाही. कुणीतरी 'देव नाही' हे साध्या आवाजात म्हणत राहिलं पाहिजे, नाहीतर ते वाक्य कानाला कायम शिवीसारखंच लागेल.

तुळसवेल ताई, तुमच्या दिराचं वाचून काका आठवले. आता मला वाटतं, ते वाक्य मी दुसऱ्या दिवशी, घरी, आत्याजवळ बसून बोलायला हवं होतं. बोलायचं मात्र नक्कीच होतं. आत्या अजूनही समजते की माझ्यामुळे बाबांचा जीव अडकला, आणि मी गप्प राहिलो असतो तर तेच खरं ठरलं असतं.

त्या दिवशी कावळा शेवटपर्यंत आला नाही. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला सांगितला. तो काकांनी स्वतः वळला, एक काडी निसटली तर पुन्हा बांधला, आणि पिंडाला लावला. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. मी जाणार आहे. विधीला बसणार नाही, पण काकांच्या शेजारी उभा राहीन.