चाळीस-पन्नास वर्षांनी जुना वर्ग जुळवताना

इंदूरच्या लोकमान्यनगर, सुदामानगर, रामबाग भागांत साठी ओलांडलेली कितीतरी मराठी माणसं अशी आहेत, ज्यांची शाळा धार, देवास, महू किंवा खरगोनची. त्यांतल्या अनेकांना आता जुना वर्ग पुन्हा एकत्र आणायचा आहे, पण सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. ज्यांनी हे काम केलं आहे त्यांनी वर आपलं गाव किंवा भाग घालून रीत लिहावी. आठवणी भेटल्यावर निघतीलच. आधी माणसं सापडायला हवीत.

देवास, जुनी हायर सेकंडरी

यादी पास झाल्याच्या सालावरून करू नका, आठवीच्या वर्गावरून करा. तेव्हा आपल्याकडे अकरावीची हायर सेकंडरी होती आणि विषयांचे गट नववीतच पडायचे. विज्ञानवाले एका सेक्शनला, कॉमर्सवाले दुसऱ्या. अनेक गावांत मुली आठवीनंतर कन्या शाळेत जायच्या. 'अकरावीची बॅच' धरली की हे सगळे यादीबाहेर राहतात. नापास होऊन मागे राहिलेले आणि शाळा सोडून दुकानावर किंवा शेतीत गेलेलेही राहतात. खरं तर यांतलेच बरेच जण आजही गावात असतात आणि कोणाचं घर विकलं, कोणाचा भाऊ कुठे आहे, हे त्यांनाच ठाऊक असतं. पहिला फोन त्यांना करा. शिवाय आठवीपर्यंत एका बाकावर बसलेला तो वर्गमित्रच. त्याला बोलावणं त्याच्या हक्काचं आहे.

महू

छावणीचं गाव, त्यामुळे फौजींची मुलं मध्येच येत आणि मध्येच जात. त्यांच्यासाठी शाळेचं स्कॉलर रजिस्टर, म्हणजे दाखल झालेल्या मुलांची नोंदवही, हाच आधार. टी.सी.ची दुसरी प्रत त्यावरूनच निघते, म्हणून शाळा ते सांभाळतात. हजेरीपुस्तकं बहुधा रद्दीत गेलेली असतात, त्यांच्यामागे वेळ घालवू नका.

प्राचार्यांच्या नावे लेखी अर्ज द्या. त्यावर दोन-तीन माजी विद्यार्थ्यांच्या सह्या, प्रवेशाचं साल आणि जमल्यास स्वतःचा स्कॉलर नंबर हवा. नंबर जुन्या टी.सी.वर असतो आणि त्याच्या आगेमागे त्याच दिवसांत दाखल झालेली मुलं सापडतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा आणि जुलैत प्रवेश, तेव्हा जाऊ नये. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कारकुनाला वेळ असतो. पानांचे फोटो मागू नका. त्यात जात आणि जन्मतारीखही असते, ती आपल्याला पाहायचं कारण नाही. नाव, वडिलांचं नाव आणि शाळा सोडल्याची तारीख एवढंच उतरवून घ्या.

नावं वाचताना एक अडचण येते. रजिस्टर हिंदीत असल्यामुळे ळ चा ल झालेला असतो. काळे तिथे 'काले' आणि गोळे 'गोले'. वडिलांचं नाव वेगळ्या रकान्यात असतं. ते उतरवलं नाही तर एकाच नावाचे दोन जोशी पुढे कायमचे एक होऊन बसतात.

धार

वरच्या दोघांची यादी हातात आली की ती माणसांना दाखवा. 'आपल्या वर्गात कोण कोण होतं?' असं विचारलंत तर जेमतेम आठ-दहा नावं येतात आणि समोरचा खजील होतो. यात त्याची चूक नाही. मानसशास्त्रज्ञ हॅरी बाह्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली अमेरिकेत ३९२ माजी शाळकऱ्यांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. नावं किंवा चेहरे समोर ठेवले तर पंधरा वर्षांनंतरही सुमारे ९० टक्के ओळखू येत. जवळपास अर्ध्या शतकानंतरही नावं ८० आणि चेहरे ७० टक्क्यांच्या आसपास. आपल्या आपण नावं आठवायला सांगितल्यावर मात्र प्रमाण पुष्कळच खाली येई.

म्हणून वर्गाचा ग्रुप फोटो हे सगळ्यांत मोठं साधन. फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून पेन्सिलीने अगदी हलक्या हाताने प्रत्येक डोक्याची बाह्यरेषा काढा आणि आकडे घाला. खालची रांग डावीकडून १, २, ३, मग वरची. या आकड्यांच्या कागदाचा फोटो आणि मूळ फोटो जोडीने पाठवा. '१७ कोण?' असं विचारलं की उत्तर येतं. 'मागच्या रांगेतला तो उंच' असं लिहिलं की वाद होतो. एका चेहऱ्याला निदान दोघांनी, एकमेकांना न विचारता, तेच नाव सांगेपर्यंत ते पक्कं धरू नका. ग्रुपवर एकाने ठामपणे लिहिलं की बाकीचे मान डोलावतात, त्यामुळे विचारणा खाजगीत करावी.

मुली कशा शोधायच्या यावर कोणी ताईंनी लिहावं.

धार, कन्या शाळा

लिहिते. आमच्याकडे लग्नात आडनाव बदलतं आणि पुष्कळ घरांत नावही बदलायचे. म्हणून मुलीला शोधायचं तर तिच्या भावाला शोधा. रजिस्टरात वडिलांचं नाव आहे, त्यावरून गल्ली कळते, गल्लीवरून भाऊ, नाहीतर वहिनी. भावाकडून तिचा नंबर मागू नका. आपला नंबर द्या आणि 'ताईला आवडलं तर तिने फोन करावा' असा निरोप ठेवा. कोणाला विचारल्याशिवाय थेट ग्रुपमध्ये घालू नये. पस्तीस पुरुषांच्या ग्रुपमध्ये एकटी बाई अवघडते आणि दोन दिवसांत निघून जाते. चार-पाच जणी मिळेपर्यंत त्यांचा वेगळा ग्रुप असू द्या.

सुदामानगर

धारच्या भाऊंच्या फोटोबद्दल थोडी भर. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, प्रतिमेचा थर काचेवरच राहतो. काचेसकट, खिडकीजवळ, प्रकाश बाजूने पडेल असा टिपा. सुटा असेल तर ६०० डीपीआयवर स्कॅन करा आणि व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर मागच्या रांगेचे चेहरे पुसट होतात. मागच्या बाजूला बॉलपेनने नावं लिहू नयेत, दाब पुढे उमटतो.

लोकमान्यनगर

गेलेल्यांची यादी भेटीच्या आधीच, घरच्यांकडून खात्री करून, सर्वांना कळवा. ऐकीव बातमी ग्रुपवर टाकू नये. जिवंत माणसाला श्रद्धांजली वाहिली गेली तर ती जखम भरत नाही. आणि ज्याचा जिवलग गेला आहे त्याला ते कार्यक्रमाच्या दारात कळू नये, आधी फोनवर कोणीतरी शांतपणे सांगावं.

देवास, पुन्हा

भेटीच्या दिवसाचं लिहायचं राहिलं होतं. डिसेंबरचा शेवटचा आठवडा उत्तम, बाहेरगावचे येतात आणि तळून खायचे गराडू कंदही मिळतात. मांगलिक भवन (मंगल कार्यालय) लग्नसराई बघून आधीच ठरवा, तळमजल्यावरचं आणि कमोडची सोय असलेलं. सकाळी पोहे: एक किलो कोरडे पोहे बारा-तेरा जणांना पुरतात. जिलबी मोजकी, जीरावन (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) आणि शेव वेगळी ठेवा. ओळखी, गुरुजनांचा सत्कार, सगळं जेवणाआधी उरका. दाल-बाफले (तुपात बुडवलेले कणकेचे गोळे आणि वरण) झाल्यावर कोणी खुर्चीवर ताठ बसत नाही. बाफले माणशी दोन धरा आणि सोबत साधी पोळीही ठेवा, या वयात तूप सगळ्यांना चालत नाही. सरांना वेळ सांगताना त्यांच्या सत्काराचीच सांगा, घरून आणायला-सोडायला गाडी ठेवा आणि अर्ध्या तासात मोकळं करा.

छातीवरच्या बिल्ल्यावर नाव बोटभर उंच अक्षरात, दोन्ही बाजूंनी छापा, कारण दोरीचा बिल्ला उलटतोच. बायकांचं माहेरचं नाव वर, आताचं खाली.