पोराचं वाक्य संपतच नाही, काय करावं?

होटगीरोडची आई:
पोरगा पाचवीत, मराठी मिडीयम. बोलायला लई हुशार पण निबंध लिहायला बसला की पहिला पूर्णविराम थेट पानाच्या खाली. गड्ड्याच्या यात्रेवर लिहिलेलं जसंच्या तसं टाकते, "आम्ही होम मैदानावर गेलो मग पप्पांनी पाळण्याची तिकिटं काढली मला भीती वाटली आणि ताई हसली मग पाळणा थांबून आम्ही उतरलो मग भजी खाल्ली". बाई वहीत नुसतं 'वाक्ये तोडा' लिहून देतात. कुठं तोडायचं ते पोराला कसं कळणार ओ?

रिटायर मास्तर:
मराठीत क्रियापद बहुतेक शेवटी येतं, त्याचाच फायदा घ्या की. पेन्सिलनं गेलो, काढली, वाटली, हसली ह्यांच्याखाली रेघ मारायला लावा आणि प्रत्येक रेघेपाशी विचारा, पुढं आणि, पण, म्हणून, कारण असं काही आहे का? असेल तर चालू द्या, नसेल तर टिंब. 'काढली'ला 'मला भीती वाटली' सरळ चिकटलंय बघा, तिथं तोडायचं. 'मग' मात्र जोडशब्दात धरू नका, मग आलं की नवीन वाक्य. पोरांची निम्मी गाडी मगवरच चालते.

शेंगाचटणी:
मास्तर बरोबर पण नुसतं तोडायला शिकवलं की पोरं तार केल्यासारखं लिहितात, आम्ही गेलो. भजी खाल्ली. घरी आलो. आमच्या पोरीचं तेच झालं. मग तिला 'ऊन' लावून जोडायला शिकवलं, मैदानावर जाऊन भजी खाल्ली. घरी तेलुगू बोलतो आम्ही, तेलुगूतपण असंच जोडतात म्हणून तिला पटकन जमलं. फक्त एक बघायचं, दोन्ही कामं करणारा एकच पाहिजे. तुमच्या पोराचं 'पाळणा थांबून आम्ही उतरलो' त्यानंच गंडलंय, थांबला पाळणा आणि उतरलात तुम्ही. तिथं 'थांबल्यावर' पाहिजे. लांब वाक्य म्हणजे चुकीचं वाक्य असं डोक्यात बसवू नका त्याच्या.

नव्या पेठेतला:
मोडीत कुठं होती ओ विरामचिन्हं, ती मेजर कँडी साहेबानं इंग्रजीवरनं मराठीत आणली, तोवर सगळा कारभार बिनटिंबाचाच चालला की, पोराला कशाला छळायलाय 😄

रिटायर मास्तर:
मोडी वाचून बघा एकदा, मग कळेल टिंब कशाला पाहिजे ते.

होटगीरोडची आई:
रेघा मारायला लावल्या, 'काढली'पाशी स्वतःच थांबला! आता "मला भीती वाटली आणि ताई हसली" हे तोडू का ठेवू? आणि भज्यांचं काय?

शेंगाचटणी:
ठेवा की, त्याला भीती वाटली म्हणूनच ती हसली ना, एकातलं एक आहे. भज्यांना वेगळं वाक्य द्या, आणि कुठली भजी, कुणी किती हाणली तेपण लिहायला सांगा त्याला.