पाईप गॅस आला, पण कुकिंग रेंजचा ओव्हन विझतोय – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पुण्यात आईच्या घरी गेल्या आठवड्यात पाईप गॅस सुरू झाला. तिच्याकडे वर चार बर्नर आणि खाली ओव्हन अशी जुनी कुकिंग रेंज आहे, इतकी वर्षं सिलिंडरवर चालली. जोडणीला आलेल्या माणसाने वरच्या चारही बर्नरचे जेट (ज्याच्या बारीक भोकातून गॅस बर्नरमध्ये येतो तो पितळी तुकडा) बदलले, निळी ज्योत दाखवली आणि निघाला. ओव्हनचं विचारलं तर "चालेल तसाच" म्हणाला.

चालत नाहीये. मोठ्यावर ठेवूनही ज्योत बारीक, आणि बारीकवर आणली की थोड्या वेळात विझते. ज्योत गेली की गॅस आपोआप बंद करणारी सोय या ओव्हनला नाही. परवा आईने नानकटाई लावली होती. वास आला म्हणून दार उघडलं तर आत अंधार. तिने काडी ओढली नाही, बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या. तेव्हापासून मला धास्ती बसली आहे. ओव्हन बंद ठेवायला सांगितलंय.

मॉडेल जुनं, कंपनीकडे जेट नाही. शेगडी दुरुस्त करणारे एक काका म्हणतात, आहे त्याच जेटला ड्रिल मारून भोक मोठं करतो. करू द्यावं का? शिवाय रबरी नळी ओव्हनच्या पाठीला टेकून जाते आणि ती पाठ चांगली तापते. हे ठीक आहे का?

प्रतिसाद १

ड्रिल अजिबात नको. जेटवर कोरलेला आकडा म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. ७० असेल तर भोक ०.७० मिमी. हाताने मारलेलं भोक इतकं नेमकं येत नाही, वाकडंही जातं. सिलिंडरचा गॅस रेग्युलेटरमधून साधारण ३० मिलिबार दाबाने येतो, पाईपचा २१ ने, आणि तेवढ्याच घनफळात पाईपच्या गॅसची उष्णता निम्म्याहूनही कमी. म्हणून भोक मोठं लागतं, हे खरं. पण किती मोठं, ते रेंजच्या माहितीपुस्तिकेत किंवा मागच्या पट्टीवर पाहा आणि त्या मापाचा तयार जेट घ्या.

तुमची ज्योत बारीकवर विझते त्याचं कारण मात्र बहुतेक वेगळं आहे. ओव्हनच्या थर्मोस्टॅटमध्ये (तापमान राखणाऱ्या भागात) एक बायपास स्क्रू असतो, कमीत कमी ज्योत तो ठरवतो. सिलिंडरसाठी तो पूर्ण आवळलेला असतो, पाईप गॅससाठी थोडा सैल करावा लागतो. जेट बदलला आणि हा स्क्रू तसाच राहिला तर ज्योत पुन्हा विझेल. हे काम जाणकार मेकॅनिककडूनच करून घ्या. झाल्यावर ओव्हन तापवा, बारीकवर आणा, दार दोन-तीनदा उघडझाप करा. ज्योत टिकली पाहिजे.

प्रतिसाद २

नळी आजच हलवा, ओव्हनच्या दुरुस्तीची वाट पाहू नका. तापलेल्या पाठीमागे रबर कडक होऊन तडकतं. तारेची जाळी असलेली सुरक्षा नळीसुद्धा तिथून नेऊ नये, आणि तिच्यावर छापलेली तारीख बघा, पाच वर्षांत बदलायची असते. गॅसचा कॉक रेंजच्या मागे असेल तर तोही बाजूला घ्यायला सांगा, पेटलेल्या शेगडीवरून हात घालावा लागता कामा नये. जोडणी झाली की प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर गळती. काडी लावून कधीच तपासू नका.

आईंना एक सांगा: सिलिंडरचा गॅस जमिनीलगत साचतो, पाईपचा हलका, छताकडे जातो. त्यामुळे आता भिंतीतला वरचा झरोकाही उघडा हवा. वास आला तर एक्झॉस्टचं बटण दाबायचं नाही.

मूळ लेखक

दोघांचे मनापासून आभार. आत्ता आईला फोन केला. मीटरजवळचा कॉक बंद केलाय, उद्या नळी हलवून झाल्याशिवाय उघडणार नाही. रेंजच्या मागच्या पट्टीचा फोटो मागवलाय, पण आकडे पुसट आहेत. पाईप गॅसवर जुना ओव्हन चालवणारं कोणी असेल तर तुमच्या ओव्हनच्या जेटवर कोणता आकडा आहे, कृपया सांगाल का? मेकॅनिकला दाखवीन, पण माप तोच ठरवेल.