शब्दचर्चा : गुराब, गलबत आणि फरगात

प्रश्न

एका इंग्रजी सागरकथेचा मराठी अनुवाद तपासतोय. काळ अठराव्या शतकाचा मध्य, जागा कोकणकिनारा. अनुवादकाने तरंगणाऱ्या प्रत्येक वस्तूला 'गलबत' म्हटलंय. ईस्ट इंडिया कंपनीचं तीन डोलकाठ्यांचं जहाज गलबत, आंग्र्यांचंही गलबत आणि किनाऱ्यावरून भाजी-कोंबड्या घेऊन येणारं होडकंसुद्धा गलबतच. एका ठिकाणी मात्र 'आंग्र्यांच्या गुराबा वल्हवत पुढे सरसावल्या' असं वाक्य आलंय. गुराब वल्हवतात का? आणि 'फ्रिगेट'ला काय म्हणावं? 'लढाऊ नौका' लिहिलं तर त्यात पाणबुडीही बसते.

प्रतिसाद १

वल्ही गलबताला असतात. गुराब वाऱ्यावर चालते, आणि वारा पडला की गलबतं तिला दोर लावून ओढतात. तुमच्या वाक्यात नेमकी इथे गल्लत झालीय.

रॉबर्ट ऑर्म या कंपनीच्या इतिहासकाराने १७६३ साली छापलेल्या ग्रंथात दोन्हींचं वर्णन दिलंय. गुराबेला बहुधा दोन डोलकाठ्या, क्वचित तीन. दोन काठ्यांची दीडशे टनांपर्यंत, तीन काठ्यांची तीनशेच्या आसपास. लांबीच्या मानाने रुंद आणि तळ उथळ, त्यामुळे कमी पाण्यातही चालणारी. पण खरी गंमत तिच्या नाळेत आहे. (नाळ म्हणजे नौकेचा पुढचा, निमुळता भाग. कोळीवाड्यात हा शब्द अजून रोजच्या बोलण्यात आहे.) गुराबेची नाळ भूमध्य समुद्रातल्या गॅलीसारखी (वल्ह्यांनी चालणाऱ्या लढाऊ नौकेसारखी) लांब पुढे आलेली असते, त्यामुळे समोरून लाटा आल्या की ती जोरात आपटते. म्हणून नाळेवरच्या फळ्यांना कठडाच ठेवत नसत. आत आलेलं पाणी दोन्ही बाजूंनी सरळ वाहून जायचं. त्या उघड्या नाळेच्या मागे एक आडवी भिंत, भिंतीला भोकं आणि भोकांतून समोर तोंड केलेल्या दोन तोफा, नऊ किंवा बारा पौंडी गोळ्याच्या. म्हणजे गुराब शत्रूवर चालून जाता जाता, स्वतःच्या नाळेवरून गोळे टाकू शकते. कादंबरीकाराला याहून काय हवं?

गलबत बांधणीने तसंच, पण लहान. मोठ्यात मोठं सत्तर टनांचं. मागची डोलकाठी नावापुरती. पुढच्या काठीवर एकच मोठं तिकोनी शीड, ज्याचं टोक काठीच्याही वर जातं. चाळीस-पन्नास वल्ही. बहुतेक गलबतांवरचं आच्छादन चिरलेल्या बांबूंचं, वजन कमी राहावं म्हणून.

आता लढाई. वारा असला तर सगळे शिडं उभारून निघत. नसला तर गलबतं वल्हवत आणि गुराबांना दोराने मागून ओढत नेत. मग सगळा ताफा शत्रूच्या पिछाडीला जमायचा, कारण तिकडे जहाजाच्या तोफा कमी असतात. गुराबा आधी डोलकाठ्या फोडायच्या आणि जहाज लंगडं झालं की गलबतांवरची माणसं तलवारी घेऊन चहूबाजूंनी वर चढायची. गुराब आणि गलबत यांना एकच शब्द वापरला तर या डावपेचातलं काहीच उरत नाही. तुमचं वाक्य मी असं करेन: 'वारा पडला तशी गलबतांनी गुराबांना दोर लावले.'

प्रतिसाद २

फ्रिगेटसाठी शब्द आहे: फरगात. पोर्तुगीज 'फ्रागाता'वरून आलेला, आणि रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात वापरलेला. 'ज्याजवळ आरमार त्याचा समुद्र' हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं, पण त्याच प्रकरणात पुढे ते म्हणतात की गुराबा फार मोठ्या नकोत, फार लहान नकोत, मध्यम असाव्यात. आणि वाऱ्यावाचून कामाची नाही अशी मोठी फरगात बांधायचं कारण नाही. वरच्या प्रतिसादातली दोर लावण्याची गोष्ट डोळ्यांपुढे ठेवून हे वाचा. किनाऱ्यालगत लढणाऱ्याला वारा पडणं हीच संधी असते, आणि फरगात नेमकी तेव्हाच हतबल होते. पाच गुराबा आणि पंधरा गलबतं मिळून एक सुभा, म्हणजे आरमाराची एक तुकडी, ही मांडणीही तिथलीच.

आरमार हा शब्दही पोर्तुगीज 'आर्मादा'वरून आपल्याकडे आला. 'गुराब' अरबी, मूळ अर्थ कावळा. इंग्रजांनी तिचं 'ग्रॅब' केलं.

आजच्या नौदलाबद्दल लिहिताना फ्रिगेटच लिहा. १७५० सालच्या गोष्टीत फरगात.

प्रतिसाद ३

वाचकाला फरगात कळणार आहे का? पानापानावर तळटीप लागेल.

प्रतिसाद २ (पुन्हा)

तळटीप कशाला? पहिल्यांदा आली की 'तीन काठ्यांची फरगात' लिहा, पुढचं वाचक समजून घेतो. 'हायड्रॉलिक' शब्द कळला नाही म्हणून कुणी विज्ञानकथा मिटून ठेवत नाही. ऐतिहासिक कादंबरीवाल्यांनी घोड्यांचे रंग, पागोट्यांचे प्रकार तपशिलाने लिहायचे आणि समुद्र आला की 'जहाज' लिहून मोकळं व्हायचं, याचा मला जरा रागच आहे. सभासद बखरीत गुराबा, तरांडी, तारवं, गलबतं, शिबाडं, पगार अशी नौकांच्या प्रकारांची यादी एका दमात येते. आपण त्यातलं एकच वापरतो.

प्रतिसाद ४

एक धोक्याची सूचना. जुन्या कागदांत 'पाल' दिसलं तर ते शीड समजू नका. हिंदीत पाल म्हणजे शीड. मराठी आरमाराच्या कागदांत पाल हा मोठ्या लढाऊ जहाजाचा प्रकार आहे. हल्ली बातम्यांत 'पालनौका' दिसते ती हिंदीवरून आलेली, तिथे 'शिडाची नौका' पुरे आहे.

नांगराचंही तसंच. शेतातला नांगर संस्कृत 'लांगल'वरून आला आणि जहाजाचा फारसी 'लंगर'वरून, असं मानतात. उच्चार एक झाला इतकंच.

प्रतिसाद ५

माणसांना काय म्हणणार, तेही बघा. आंग्र्यांच्या गलबतावर 'कॅप्टन' ओरडला तर वाचवत नाही. आमच्या घरात अजून होडी आहे. आमच्याकडे मालक तो नाखवा, समुद्रात हुकूम चालतो तांडेलाचा. सुकाणू धरतो तो सुकाण्या. कंपनीच्या जहाजांवरही देशी खलाशांवर सारंग आणि त्याच्या हाताखाली तांडेल असत, तेव्हा हे शब्द दोन्ही बाजूंना चालतील.

आणि पहाटे बंदर सोडण्याचा प्रसंग असेल तर 'मंद वारा सुटला' लिहू नका. जमिनीवरून समुद्राकडे जाणारा तो मतलई वारा. शाळेच्या भूगोलात सगळ्यांनी वाचलेला असतो.

प्रश्नकर्ता

आभार. शेवटचं एक: कथेचा शेवट फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गावर होतो. ब्रिटिश नौसेनानी वॉटसनचं आरमार तोफा डागतं आणि तुळाजी आंग्र्यांचा ताफा जळतो. त्यात 'रिस्टोरेशन' नावाचं जहाज आहे. तिलाही गुराब म्हणू का?

प्रतिसाद १ (पुन्हा)

नको. ते कंपनीचं जहाज, आंग्र्यांनी आधी पकडून आपल्या ताफ्यात घेतलेलं. नावही 'रिस्टोरेशन'च ठेवा. तोफेचा गर्भगोळा (आत दारू भरलेला, फुटणारा गोळा) तिच्यावर पडला, ती पेटली आणि तिच्यापासून बाकीच्या ताफ्याला आग लागली. तुमच्या अनुवादकाने त्या पानावर 'गलबतावरून गलबताला आग लागली' असं लिहिलं असणार. तिथे निदान पहिलं 'गलबत' तरी खोडा.