रस्त्याकडच्या भिंतीवर एसीचं आउटडोअर लावायला सोसायटी हो म्हणत नाही, काय करू?

डोंबिवली_पूर्व

आमची इमारत १९९८ सालची, तळमजला अधिक चार, लिफ्ट नाही. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. आई ७६ वर्षांची. दिवाळीनंतर तिला अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून ती पलंगावरच आहे. हवेची गादी आणली, दर दोन तासांनी मी आणि हे मिळून कूस बदलतो, तरी मार्च लागल्यापासून तिची पाठ घामाने ओलीच असते. गेल्या आठवड्यात स्पंज करताना माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग दिसला. बोटाने दाबला तरी पांढरा पडेना. डॉक्टर म्हणाले, ही जखमेची सुरुवात आहे, आता खोली थंड आणि कोरडी ठेवा.

खोली दहा बाय अकराची, म्हणून एक टनाचा स्प्लिट (एक युनिट खोलीत, दुसरं, म्हणजे आउटडोअर, बाहेरच्या भिंतीवर) ठरवला. विंडो एसी बसवायचा तर ग्रिल कापावं लागतं आणि खिडकीखालीच आईचा पलंग आहे. सोसायटीकडे अर्ज दिला. सेक्रेटरीकाका जिन्यातच म्हणाले, रस्त्याच्या बाजूला काही लावायचं नाही असं ठरलंय, गेल्याच वर्षी बाहेरून रंग काढलाय, गच्चीवर ठेवा. शिवाय दहा हजार डिपॉझिट. एसीवाला म्हणतो गच्चीपर्यंत दहा मीटरच्या वर पाइप जाईल. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी दोन वर्षांपूर्वी त्याच भिंतीवर लावलंय, त्यांना कोणी हटकलं नाही.

सोसायटी अशी अडवू शकते का? मला भांडण नकोय, पण मे महिना यायच्या आत आईची खोली थंड व्हायला हवी.

माजी_सेक्रेटरी_ठाणे

ताई, आधी आईंना आराम पडो. मी नऊ वर्षं सेक्रेटरी होतो, असे पंधरा-वीस अर्ज हाताखालून गेलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

न विचारता लावू नका. बाहेरची भिंत सोसायटीची. फ्लॅटमध्ये फेरबदल करायला कमिटीची लेखी पूर्वपरवानगी लागते, हे आदर्श उपविधींतच (सोसायट्यांच्या नमुना नियमांत) आहे. पण जिन्यात तोंडी दिलेला नकार म्हणजे कमिटीचा निर्णय नव्हे. अर्ज परत द्या, दोन प्रती काढा, आपल्या प्रतीवर सोसायटीचा शिक्का, सही आणि तारीख घ्या. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, एसीच्या माहितीपत्रकातलं आउटडोअरचं वजन आणि मापं, आणि भिंतीच्या फोटोवर पेनाने जागा दाखवून जोडा. ‘कृपया सहकार्य करावे’ एवढ्यावर थांबू नका. ड्रेनचं (एसीतून निघणारं) पाणी कुठे सोडणार, पाइपासाठी पाडलेलं भोक कोण आणि कसं बुजवणार, उद्या रंगकामाला आउटडोअर काढावं लागलं तर खर्च कोणाचा, हे तुम्हीच लिहून द्या. कमिटीच्या डोक्यात हेच प्रश्न असतात.

‘ठरलंय’ म्हणतात तर कुठल्या सभेत ठरलं ते विचारा. सभेचं इतिवृत्त बघण्याचा हक्क सभासदाला सहकारी कायद्याप्रमाणे आहे. ठराव असेल तर तो सगळ्यांना सारखा लागू हवा, दुसऱ्या मजल्यालाही. पण अर्जात त्यांचं नाव घालू नका. तुम्हाला आईंसाठी परवानगी हवी आहे, त्यांचं आउटडोअर उतरवून तुमच्या हाती काही लागणार नाही. डिपॉझिटचंही तसंच: कोणत्या ठरावाने, परत कधी, आणि रीतसर पावती.

आता कमिटीची भीती. ती खोटी नाही. आमच्याकडे एकाने आउटडोअर छज्ज्यावर ठेवलं होतं. छज्जा पावसापासून आडोसा म्हणून असतो, तिथे पंचवीस-तीस किलो वजन आणि दिवसरात्र थरथर. आतल्या सळया गंजून फुगल्या होत्या, बाहेरून रंगामुळे कळलं नाही. एका पहाटे हातभर तुकडा खाली उभ्या स्कूटरवर पडला. अर्ध्या तासाने तिथून शाळेची मुलं जाणार होती. त्या दिवसानंतर मी हातोडी घेतल्याशिवाय जागा बघायला गेलो नाही. प्लास्टर टणटण वाजलं तर ठीक, बदबद वाजलं तर तिथे ब्रॅकेट (आउटडोअरचा लोखंडी आधार) नको.

पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्यापुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची तपासणी) करायचं असतं. तुमच्याकडे शेवटचं कधी झालं ते विचारा. अहवालात त्या भिंतीबद्दल काही असेल तर हट्ट करू नका. मागची बाजू, बाथरूमकडची, बघून ठेवलीत का? दोन जागा सुचवणाऱ्या अर्जाला नाही म्हणणं कमिटीला जड जातं.

इतकं करूनही लेखी उत्तर आलंच नाही तर उपनिबंधक कार्यालयात (सोसायट्यांवर देखरेख ठेवणारं सरकारी कार्यालय) तक्रार करता येते. पण त्यात महिने जातात, तोवर पावसाळा लागेल. आधी सेक्रेटरींना घरी बोलावून आईंची खोली दाखवा. दुपारी तीन वाजता बोलवा.

एसी_मेकॅनिक_बदलापूर

गच्चीवर नको. पाइप वाढला की कूलिंग कमी, लाइट बिल जास्त, तांबं महाग ते वेगळंच. कंपनीच्या पुस्तकात पाइपची कमाल लांबी दिलेली असते, ती बघा. एसीबरोबर साधारण तीन मीटर पाइप येतो, वरच्याचे पैसे मीटरवर लागतात.

भोक कोअर मशीननेच (गोल भोक कापणारं यंत्र) मारून घ्या. छिन्नी-हातोड्याने फोडलं की प्लास्टर आतून सुटतं आणि पावसाळ्यात तिथूनच ओल येते. बीम, कॉलमला हात लावायचा नाही. भोकाला बाहेरच्या बाजूला थोडा उतार ठेवायला सांगा.

बसवणाऱ्याने व्हॅक्यूम पंप (पाइपातली हवा खेचून काढणारा) आणला नसेल तर काम सुरू करू देऊ नका. काही जण नुसता गॅस सोडून हवा काढतात, मशीन दोन वर्षांत बंद पडतं. आणि बाहेर लटकून काम करणाऱ्या पोराला सेफ्टी बेल्ट हवाच. ग्रिलला दोरी बांधून उभं केलं तर सरळ परत पाठवा. मी स्वतः एकदा असा घसरलोय.

वायरिंग कधीचं आहे? जुन्या इमारतीत मीटरखाली अजून किटकॅट (जुने, तारेचे) फ्यूज असतात आणि खोलीपर्यंत बारीक वायर. एसीला बोर्डापासून वेगळी लाइन आणि वेगळा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) घ्या. महावितरणच्या बिलावर मंजूर भार (घराला किती वीज ओढायची परवानगी आहे ते) लिहिलेला असतो, तोही बघा, कमी असेल तर वाढवून घ्या.

इनडोअर आईंच्या पायाकडच्या भिंतीवर लावा. डोक्यावर थंड झोत येऊ देऊ नका. २६-२७ वर ठेवलं तरी खोली कोरडी राहते.

पहिला_मजला

मी खाली राहणारी म्हणून लिहिते. माझ्या खिडकीवर वरच्या तिघांची आउटडोअर आहेत. एकाचं पाणी थेट आमच्या पत्र्यावर पडतं. रात्री अकरा ते सकाळी सहा, टप टप टप. दमट हवेत एसीतून तासाला लिटरभर पाणी सहज निघतं. दोन वर्षं मी पत्र्यावर जुना टॉवेल टाकून झोपतेय. वरचे लोक वाईट नाहीत. त्यांना ते ऐकूच येत नाही.

कमिटीकडे जायच्या आधी तुमच्या खालच्यांकडे जाऊन या. आउटडोअर कुठे येणार, गरम हवा कुठे फेकणार ते दाखवा. पाणी बाथरूममध्ये सोडा, बाहेर लोंबता पाइप नको. ब्रॅकेटखाली रबराचे पॅड घाला. मला कोणी येऊन एवढं सांगितलं असतं तर मी स्वतः सही करून दिली असती.

डोंबिवली_पूर्व

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहितेय, आईचं चाललं होतं.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे गेले. त्यांचं म्हणणं, आमच्या खिडकीसमोर गरम हवा नको, एवढंच. मग मागची बाजू मोजली. आईच्या खोलीतून पॅसेजच्या वरून बाथरूमच्या भिंतीबाहेर, साडेपाच मीटर. म्हणजे अडीच मीटर जास्तीचा पाइप. काकूंनी अर्जावर ‘आमची हरकत नाही’ असं लिहून सही केली.

सेक्रेटरीकाका शनिवारी तीन वाजता आले. आईचा हात हातात घेतला आणि बराच वेळ बोललेच नाहीत. त्यांची आईही अशीच दोन वर्षं अंथरुणावर होती, हे मला माहीतच नव्हतं. मागची भिंत त्यांनी आपल्या हाताने ठोकून बघितली. रविवारच्या मीटिंगमध्ये लेखी परवानगी मिळाली. डिपॉझिट पाच हजार, पावतीवर ‘एक पावसाळा गळती नसल्यास परत’ असं लिहून घेतलंय. रस्त्याच्या बाजूचा ठराव खरंच होता, २०२३ च्या सभेतला.

लाल डाग वाढलेला नाही. गुरुवारी माणूस येतोय. एसी_मेकॅनिक दादा, एकच विचारते: पॅसेजमधून ड्रेन पाइप आडवा जवळजवळ चार मीटर जाणार, त्याला उतार किती ठेवायला सांगू? पॅसेजच्या माळ्याखाली जेमतेम वीतभर जागा आहे.

एसी_मेकॅनिक_बदलापूर

मीटरला किमान एक सेंटिमीटर. चार मीटरला चार-पाच सेंटिमीटर, वीतभरात बसतं. मऊ नळी नको, मध्ये झोळ पडतो आणि पाणी तुंबून इनडोअरमधून गळतं. कडक पीव्हीसी घ्या, दर दोन फुटांवर क्लॅम्प मारा आणि वरून फोम गुंडाळा, नाहीतर पाइपला घाम येऊन पॅसेजमध्ये पाणी टपकेल. पीओपी किंवा पट्टीने झाकायच्या आधी इनडोअरच्या ट्रेमध्ये बाटलीभर पाणी ओतून बघा. बाथरूममध्ये सगळं आलं, की मगच झाका.