अंजनेरीच्या चोरवाटा नकाशावर कशाला?

पंचवटीकर: परवा इथे एकाने अभिमानाने लिहिलं, 'अंजनेरी डोंगराच्या सगळ्या वाटा ओपनस्ट्रीटमॅप या कुणीही भर घालू शकेल अशा नकाशावर टाकल्या, तुम्हीही चालताना नोंदवलेले ट्रॅक चढवा.' सगळ्या? गुरं उतरतात त्यासुद्धा? अंजनेरी राखीव आहे, कड्यात गिधाडांची घरटी आहेत. सेरोपेजिया अंजनेरिका ही वनस्पती इथली म्हणून तिचं नाव तसं. तिच्यावर पाय पडला तर तुमचा नकाशा भरून देणार का? रेघ दिसली की रविवारी रीलवाले हजर.

ट्रॅकवाला: तो 'एक' मीच. जमिनीवर आहे ते नकाशावर, एवढाच नियम. वाट बंद असेल तर तिला अ‍ॅक्सेस 'नो', म्हणजे जायला मनाई, असा टॅग लावा, पुसू नका. पुसलेली वाट पुढचा कुणी सॅटेलाइट फोटो बघून परत काढतो, तीही टॅगशिवाय. घरट्यांची जागा मी टाकलेली नाही, उगाच माझ्या माथी मारू नका. ब्रह्मगिरीवर धुक्यात आम्ही उतरायची वाट चुकलो, तेव्हा हाच नकाशा दाखवणाऱ्या ऑसमँड अ‍ॅपवरची तुटक रेघच कामी आली.

पंचवटीकर: धुक्यात वर गेलातच कशाला?

कातळकडा: वाटेची अवघडता लिहायला सॅक स्केल आहे, ते स्विस अल्पाइन क्लबचं. हरिहर किल्ल्याच्या पायऱ्यांना त्यात कुठली ग्रेड देणार? त्याच पायऱ्या डिसेंबरात सोप्या, जुलैत पाणी वाहतं तेव्हा जीवघेण्या. आणि लोक हर्षेवाडीकडून चढून 'हरिहर केला' म्हणतात ते वेगळंच. खरी चढाई निरगुडपाड्याची.

सिडकोवाला: आले शुद्धतावादी! हर्षेवाडीची वाट जवळची आहे एवढंच. पायऱ्या दोन्हीकडच्यांना त्याच.

कातळकडा: आईवडिलांना घेऊन जायचं तर जरूर हर्षेवाडी.

सिडकोवाला: माझी आई साठीत त्या पायऱ्या चढली. तुम्ही मागच्या पावसाळ्यात अर्ध्यातून उतरलात, फोटो आहेत ग्रुपवर.

पायथ्याचा: तुमची भांडणं चालू द्या. आमच्याकडे आधी लोक वाट दाखवायला गावातलं पोरगं सोबत न्यायचे, दोन पैसे मिळायचे. आता 'दादा, मोबाईलवर दिसतंय' म्हणून पुढे जातात आणि संध्याकाळी कुणी हरवलं की शोधायला आम्हीच, फुकट.

ट्रॅकवाला: दादा, तुमची वाडीसुद्धा नकाशात नव्हती. मी टाकली, मराठी नावासकट. विहीरही टाकली.

पायथ्याचा: विहिरीचंच सांगतो. एप्रिलात तळ दिसतो, बायका पोहऱ्याला दोर जोडून जोडून पाणी काढतात. तेव्हा शहरातली पोरं बाटल्या घेऊन उभी, वर विचारतात 'फिल्टर आहे का?' वाडी टाकलीत, बरं केलंत. विहिरीसाठी कुणाला विचारलंत?

पंचवटीकर: घ्या, जमिनीवर आहे ते नकाशावर!

ट्रॅकवाला: विहिरीला आज रात्री 'प्रायव्हेट' आणि 'सिझनल' दोन्ही लावतो. पंचवटीकर, तुमच्या समाधानासाठी गुरांच्या वाटांनाही 'ट्रेल व्हिजिबिलिटी खराब', म्हणजे वाट नीट दिसत नाही, असं लिहीन. वाटा मात्र राहणार.

पंचवटीकर: मोठे उपकार. कड्याकडच्या वाटेचा 'नो' तेवढा विसरू नका, मी बघणार आहे.

कातळकडा: कोणते फोटो? पाऊस वाढला म्हणून उतरलो होतो.